नाका ते पंप

६ जानेवारी

निधी मंडळाने यंदा डायऱ्या वाटल्या. थेट बससाठी आम्ही किती वर्षं निधी मागतोय, मिळाली काय तर डायरी! कागद मात्र झकास आहे, फेकवेना. डॉक्टर म्हणालेच होते, रक्तदाब वाढलाय, ऑफिसात ओरडण्यापेक्षा घरी बसून लिहीत जा. तर लिहिते.

मी प्रादेशिक वाहतूक समितीची समन्वय अधिकारी. समन्वय म्हणजे काय हो, असं लोक विचारतात. मी सांगते, दोन खाती एकमेकांशी बोलत नसली की तिसऱ्याने दोघांना चहा पाजायचा. तो चहा मी पाजते.

सध्याचं भिजत घोंगडं असं. शहराची बस जुन्या नाक्यापर्यंत जाते आणि वळते. जिल्ह्याची बस पलीकडच्या पेट्रोल पंपापाशी येते आणि वळते. मधला रस्ता रस्ते खात्याचा. त्यावर शहराच्या बसला परवाना नाही आणि जिल्ह्याच्या बसला विमा नाही. उतारू नाक्यावर उतरतो आणि पंपापर्यंत तंगडतोड करतो. सावली नाही, पदपथ नाही, बाजूने ट्रक. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी म्हणतात तो हाच. दोन्ही बससेवांनी खर्च वाटून घ्यायचा, रस्ते खात्याने परवानगी द्यायची, निधी मंडळाने उरलेला भार उचलायचा, आणि एकच बस या टोकापासून त्या टोकापर्यंत पळवायची. इतकं सोपं आहे. म्हणूनच होत नाही.

संध्याकाळी ताईचा फोन. तिचं घर पंपापलीकडे, जिल्ह्याच्या बाजूला. म्हणाली, "छकुले, ती तुमची थेट बस कधी गं होणार?" पन्नाशी उलटली माझी, ऑफिसात माणसं मला बघून खुर्च्या सरळ करतात, आणि हिची मी अजून छकुली. म्हटलं, "मार्चच्या आत. नाही झाली तर नाव बदलीन." म्हणाली, "मग हरकत नाही. मार्चपर्यंत निभेल."

मग कळलं, बाईसाहेबांनी शहरात शिवणवर्ग शिकवायला घेतलाय. मोठ्या हॉस्पिटलच्या मागच्या गल्लीत, रोज. आयुष्यभर लोकांचे कपडे शिवून हौस फिटली नाही वाटतं! म्हटलं, या वयात कशाला ही दगदग? तर म्हणते, "घरी बसून गंज चढतो." भावजींना डोळ्यांनी जेमतेम दिसतं, त्यांना एकटं टाकून रोज हिंडायचं म्हणजे कमाल आहे. पण ताईपुढे कोण बोलणार.

१४ जानेवारी

बैठक. शहर बसचे साहेब आले, त्यांना मी मनात 'बघूया' म्हणते, कारण त्यांचं प्रत्येक वाक्य तिथे संपतं. जिल्हा बसचे आले, ते 'हद्दवाले'. काहीही विचारा, "आमच्या हद्दीत येत नाही." रस्ते खात्याच्या इंजिनिअर बाई शहाण्या आहेत, पण बोलतात कमी. निधी मंडळाचे गृहस्थ चष्मा कपाळावर ठेवून ऐकतात आणि वाचायची वेळ आली की तोच चष्मा शोधतात.

निधीवाले म्हणाले, "बस बदलणारे लोक खरोखर किती, ते मोजून दाखवा. ठरल्यापेक्षा कमी भरले तर मंडळ हात लावणार नाही."

इथे घोडं अडलं. नाक्यावर उतरलेला प्रत्येकजण बस बदलायलाच उतरतो असं थोडंच आहे? बघूया म्हणाले, निम्मे तर तिथे टायरच्या दुकानांत जातात. हद्दवाले म्हणाले, ती दुकानं आमच्या हद्दीत नाहीत. तासभर टोलवाटोलवी. शेवटी मीच तोडगा काढला. उतरणाऱ्याला चिठ्ठी द्यायची, वर वेळ टाकायची, दुसऱ्या टोकाला परत घ्यायची. जो बस बदलायला निघालाय तो सरळ चालत जातो. पाव तासात पोचला तर तो आपला उतारू. त्याहून जास्त लागला तर वाटेत कुठेतरी कामाला थांबला, तो धरायचा नाही.

मग निधीवाले म्हणाले, "याला म्हणतात डोकं." चौघांनी तिथल्या तिथे सह्या केल्या. माझ्या नोकरीत पहिल्यांदा या चार खात्यांचं एका वाक्यावर एकमत झालं, आणि ते वाक्य माझं होतं. घरी येताना स्वतःसाठी फुलं घेतली.

२५ जानेवारी

ताई वर्गातून परस्पर माझ्याकडे आली. किती दिवसांनी! पण वाळलीय. म्हटलं, "काय गं, खातेस की नाही?" म्हणाली, "तोंडाला चव नाही, हवा बदलली ना." माझ्या हातचं नेहमी नावं ठेवत ठेवत सगळं संपवणारी बाई, आज ताटात नुसती बोटं फिरवत होती. वर मलाच म्हणते, "मीठ बरोबर पडलंय आज, काय झालं तुला?" मी चिडले. मुद्दाम तिच्यासाठी केलं होतं.

आमच्या समितीत एक सभासद आपल्या सासुरवाडीला बस न्यायला बघतोय, ते सांगितलं. म्हटलं, "घरच्यांसाठी कोणी काही मागितलं की फाइल नासली म्हणून समज. माझ्या घरचं कोणी असतं ना, तर मी त्या फाइलला हातसुद्धा लावला नसता." ताई ऐकत होती. म्हणाली, "बरोबर आहे तुझं."

मग पाव तासाचा नियम सांगितला. माझी बढाई म्हणा. ताई जरा वेळाने म्हणाली, "आणि हळू चालणारी माणसं गं?"

"इतकं हळू कोण चालतं, ताई? गोगलगायी थोड्याच बस पकडतात!"

हसली. खूप हसली, हसता हसता खोकला आला. मग मी बैठकीची पुढची हकिकत सांगत असताना बाईसाहेब खुर्चीतच झोपल्या! इतका राग आला. मी सगळ्या जगाचं ऐकून घ्यायचं आणि माझं ऐकायची वेळ आली की लोकांना झोपा येतात.

१० फेब्रुवारी

मोजणी सुरू. भाड्याने माणसं घेतलीत, टोप्या घालून दोन्ही टोकांना उभी आहेत.

ताईचा फोन, आवाज अगदी लहान मुलीसारखा. "अगं, मला पिवळी चिठ्ठी मिळाली! तुझ्या माणसाने दिली. मी पण मोजली गेले बरं का!" म्हटलं, "शाब्बास. अशीच रोज येत जा, आकडा वाढव." म्हणाली, "येते गं. तुझ्यासाठी येते."

१७ फेब्रुवारी

भावजींचा फोन. ते कधी फोन करत नाहीत, त्यांना आकडे दिसत नाहीत. पूर्वी घड्याळं दुरुस्त करायचे, भिंग डोळ्याला लावून केसाएवढी स्प्रिंग बसवायचे, आणि आता शेजारणीकडून नंबर लावून घेतात. इकडचं तिकडचं बोलले. मग म्हणाले, "तुमच्या ऑफिसची गाडी कधी या बाजूला येते का गं?"

मला हसूच आलं. म्हटलं, "भावजी, सरकारी गाडी खाजगी कामाला वापरली तर नोकरी जाईल माझी. काय आणायचंय?"

"काही नाही, काही नाही. सहज विचारलं."

ताईला द्या म्हटलं तर म्हणाले, झोपलीय. दुपारी? म्हणाले, "वर्गाने दमते ती." मग दमवून घेतेच कशाला स्वतःला, म्हटलं. त्यांनी फोन ठेवला. नंतर मलाच चुटपुट लागली. म्हातारा माणूस सहज बोलला तर मी कायद्याचं पुस्तक उघडून बसले. सवय, दुसरं काय.

२६ फेब्रुवारी

कशी लिहू.

आज मोजणीचा शेवटचा दिवस, म्हणून सगळ्या खात्यांची एकत्र पाहणी ठेवली होती. माझीच कल्पना. ज्या रस्त्यावर इतकी वर्षं बोलतोय तो एकदा सगळ्यांनी चालून बघा, म्हटलं. नाक्यावरून निघालो. बघूया, हद्दवाले, इंजिनिअर बाई, निधीवाले, मी, आणि फीत धरायला मोजणीतला एक टोपीवाला.

मध्यावर एक मोरी आहे, तिला दोन्ही बाजूंनी दगडी कठडा. तिथे वाद पेटला. इंजिनिअर बाई म्हणाल्या रस्ता आमचा, पण खालची मोरी नगरपालिकेची. बघूया म्हणाले, मोरी कोणाची ते बघूया. हद्दवाले हात हलवत होते. कठड्यावर एक बाई बसली होती, डोक्यावरून शाल, मान खाली, पिशवी मांडीवर. बघूया तिला म्हणाले, "आजी, जरा बाजूला होता का? माप घ्यायचंय."

बाईने कमरेवर हात ठेवला, "अगं आई गं" म्हणाली आणि उठली.

तो आवाज मी पाळण्यात असल्यापासून ऐकतेय.

तिने मला पाहिलं. चेहरा राखेसारखा. आणि मान हलवली, अगदी थोडी. नको म्हणाली मला. ओळख दाखवू नकोस. मग बघूयांकडे वळून म्हणाली, "चालू द्या साहेब तुमचं. मी निघालेच होते." आणि कठड्याला धरून चालायला लागली. दोन पावलं टाकायची आणि थांबायची.

टोपीवाला मला कौतुकाने सांगत होता, "या रोजच्या आहेत, मॅडम. हॉस्पिटलातून येतात. इथे बसतात, पुढे त्या झाडापाशी बसतात. यांची चिठ्ठी आम्ही बाजूला टाकतो, नियमाप्रमाणे. पाव तासाच्या कितीतरी पुढे जातात ना."

मी गप्प राहिले. हे लिहिलंच पाहिजे. चार माणसांसमोर, माझी ताई तशी चालत असताना, मी काही क्षण गप्प राहिले. तिने नको म्हटलं म्हणून नाही. माझ्या डोक्यात काहीच येत नव्हतं. मग मी "ताई" म्हणून इतक्या जोरात ओरडले की निधीवाल्यांचा चष्मा कपाळावरून खाली आला.

ती थांबली. वळली नाही. मी जाऊन तिला धरलं. शालीच्या आत काहीच नव्हतं, नुसती हाडं.

"त्यांच्यासमोर नको गं," म्हणाली. "फाइल नासेल तुझी."

२७ फेब्रुवारी

वर्ग नव्हताच. छातीत गाठ. ऑपरेशन गुपचूप उरकलं, तीन महिन्यांपूर्वी, मला सांगितलं होतं की नणंदेकडे चाललेय. आणि आता रोज किरणं. मशीनखाली झोपायचं, उठायचं, शहराच्या बसने नाक्यापर्यंत, मग तो रस्ता.

मी तिच्यावर इतकी ओरडले. आजारी माणसावर! माझ्याकडे का नाही राहिलीस? दोन खोल्या आहेत माझ्या, तुम्हा दोघांना जागा होती. का नाही सांगितलंस?

म्हणाली, "यांना एकटं कसं टाकू? आणि यांना घेऊन आले असते तर तू रजा काढून बसली असतीस. मग ती बस कोणी आणली असती?"

"खड्ड्यात गेली बस!"

"असं नको गं बोलू. तू मार्च म्हणाली होतीस. मी म्हटलं, काढू तोवर कसंतरी. आणि तुझ्या तोंडून ऐकलं होतं ना, घरचं कोणी असलं की तू हात लावणार नाहीस म्हणून. म्हणून तर बोलले नाही. तुझ्यामुळे नाही गं, माझ्यामुळे त्या सगळ्यांची बस अडली असती."



मग हळूच म्हणाली, मधले काही दिवस ती गेलीच नव्हती. घरून निघायची, बसने पंपापर्यंत यायची, समोरचा रस्ता बघायची आणि त्याच बसने परत जायची. भावजींना वाटायचं जाऊन आली. "पाय उचलायचेच नाहीत गं. जाताना जमायचं एखादवेळेस, पण परत यायचं डोळ्यांसमोर आलं की तिथूनच मागे फिरायचे."

डॉक्टर म्हणाले, किरणांत असा खंड पडून चालत नाही. बाकी काही म्हणाले नाहीत. मी विचारलंही नाही.

५ मार्च

दोघांना माझ्याकडे आणलंय. रोज मी ताईला घेऊन जाते. पहिल्या दिवशी रिकामी टॅक्सी मिळेना, मी रस्त्यावर उभी राहून टॅक्सीवाल्यांना शिव्या घालत होते, तेवढ्यात हद्दवाले स्वतःच्या गाडीतून आले. पत्ता त्यांना इंजिनिअर बाईंनी दिला म्हणे. दार उघडून म्हणाले, "बसा." मी म्हटलं, "अहो, शहरात तुमची हद्द कुठे?" म्हणाले, "मॅडम, गप्प बसा आणि आत बसा." ताई इतकी हसली! मग रोज यायला लागले. सकाळी ऑफिसच्या आधी. मी या माणसाला इतकी वर्षं मनात काय काय म्हटलंय.

भावजी भिंती चाचपत हिंडतात. त्यांना स्वतःचं घर पाठ आहे, माझ्याकडे ठेचकाळतात. दिवसभर ताईच्या पलंगापाशी बसतात, तिने डोळे उघडले की त्यांना कसं कळतं कोण जाणे.

१९ मार्च

मोजणीचा निकाल. ठरल्यापेक्षा थोडे कमी भरले. बैठकीत निधीवाल्यांनी चष्मा शोधला, वाचलं, आणि म्हणाले, "या आकड्यावर मंडळ काही करू शकत नाही."

मी म्हटलं, पाव तासाचा नियम काढा. बाजूला टाकलेल्या चिठ्ठ्या धरा.

त्या चिठ्ठ्या ठेवल्याच नव्हत्या. नियमात बसत नाहीत म्हणून रोज संध्याकाळी फेकून द्यायचे.

निधीवाले म्हणाले, "नियम तुम्हीच घातला होता." बघूया म्हणाले, "आणि आता तुमच्या घरचं माणूस आहे म्हणून..." आणि थांबले. वाईट हेतूने नव्हते म्हणाले. बरोबरच म्हणाले. ताई हेच म्हणाली होती.

मी म्हटलं, "हो, घरचं माणूस आहे. ते घरचं नसतं तर मला कधी कळलंच नसतं. लंगडणारी, गरोदर, कडेवर पोर असलेली, हॉस्पिटलातून येणारी, ज्यांना ही बस खरी पाहिजे त्यांनाच आपण गाळून टाकलं. मी गाळलं. धडधाकट लोक मोजले आणि म्हटलं, फारसं कोणाला अडत नाही."

मग इंजिनिअर बाई म्हणाल्या, "त्या नियमावर माझी सही आहे. मी ती मागे घेते." हद्दवाले म्हणाले, "माझीही." बघूयांनी टेबलाकडे बघत मान हलवली. फेरमोजणी ठरली.

कधी? तर जूनमध्ये. चारही खात्यांची तारीख त्याआधी जुळत नाही. मी म्हटलं, जून फार लांब आहे. निधीवाले म्हणाले, "तीन वर्षं थांबलात, आता दोन-तीन महिन्यांनी काय होतंय?"

घरी ताईला म्हटलं, फेरमोजणी मंजूर झाली. तिला इतका आनंद झाला. "बघ, म्हटलं नव्हतं मी!" म्हणाली. जून आहे, हे मी सांगितलं नाही.

११ एप्रिल

यकृतात गेलंय. किरणं बंद केली. डॉक्टरांना आज विचारलं, खंड पडला नसता तर? म्हणाले, असं सांगता येत नाही. तुम्ही असा विचार करू नका. म्हणजे काय ते मला कळतं. मी पण लोकांना असंच सांगते, असं सांगता येत नाही म्हणून.

ताईला दुपारी जरा बरं वाटत होतं. मला म्हणाली, केस बघ काय अवतार केलायस, ये इथे. पलंगाशी बसले. तिने फणी फिरवली. मी रडत होते ते तिला दिसत नव्हतं, पाठ होती माझी. म्हणाली, "रडू नकोस, गुंता होतो."

२ मे

पहाटे ताई गेली. भावजींचा हात तिच्या हातात होता. त्यांनी मला हाक मारली आणि म्हणाले, "बघ गं जरा, हिला काय झालं, मला दिसत नाही."

९ मे

भावजी घरी परत गेले. किती विनवलं. "मला माझं घर पाठ आहे," म्हणाले. हद्दवाल्यांनी सोडलं. मी मागच्या सीटवर बसले होते. मोरी आली तेव्हा हद्दवाल्यांनी गाडीचा वेग वाढवला आणि मी त्यांना मनात दुवा दिला.

शेजारीण जेवण देईल. भावजी म्हणाले, "तू येत जा." म्हटलं, येईन. त्यांनी यायचं तर प्रश्नच नाही. बस बदलायची, तो रस्ता, ते ट्रक, आणि डोळ्यांपुढे अंधार. त्यांना कोणी हात धरून आणल्याशिवाय ते शहरात येऊ शकत नाहीत.

मी कामावर रुजू झाले. लोक चहा आणून देतात आणि टेबलावर ठेवून पळतात.

१२ जून

फेरमोजणी. या वेळी मी स्वतः पंपापाशी उभी राहिले. टोपी घालून, हो.

बस नाक्यावर रिकामी झाली की आधी तरणी माणसं यायची, भरभर, फोनवर बोलत. पूर्वी इतकेच आमच्या कागदावर होते. मग रस्ता मोकळा दिसायचा. मला वाटायचं, झालं. आणि मग ती यायला लागायची. कुबडीवाला गृहस्थ, दर खांबाला टेकत. दोन पोरांना ओढत येणारी बाई. धाप लागलेला एक म्हातारा, मला चिठ्ठी देताना त्याने माफी मागितली. "उशीर झाला का हो? हे धराल ना?" म्हटलं, धरते बाबा. सगळं धरते.

ही माणसं रोजच येत होती. मी घरी बसून त्यांना गोगलगायी म्हटलं होतं, आणि तेही कोणासमोर.

शेवटच्या बसनंतर मोजणीवाला म्हणाला, "संपले, मॅडम. आले सगळे." मी म्हटलं, थांब जरा. तो थांबला. मी पण थांबले, रस्त्याकडे बघत. मग तो बिचारा म्हणाला, "अजून कोणी यायचंय का?" म्हटलं, नाही.

३० जून

आकडा भरला. भरला कसला, ठरल्यापेक्षा कितीतरी वर गेला. निधीवाल्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. बघूया मला म्हणाले, "मॅडम, यश तुमचं." सगळे माझ्याकडे बघत होते, मी काहीतरी बोलावं म्हणून. मी सगळ्यांना चहा ओतला.

४ सप्टेंबर

थेट बस सुरू झाली. फीत कापायला मी गेले नाही. समितीचे सचिव रागावले, रागावू देत. ऑफिसच्या खिडकीतून ऐकलं, लोक टाळ्या वाजवत होते.

डायरीला हात लावावासा वाटत नव्हता इतके दिवस. आजही नाही वाटत.

१३ सप्टेंबर

रविवार. दुपारी दार वाजलं. उघडलं तर भावजी! एकटे! काठी टेकत, इस्त्रीचा शर्ट, वरचं बटण चुकीच्या काजात. मी किंचाळलेच. "अहो, आलात कसे? कोण सोबत?"

"कोणी नाही. शेजारणीच्या मुलीने बसमध्ये बसवलं. कंडक्टरला सांगितलं, शेवटचा थांबा आला की सांग. तुझ्या गल्लीपर्यंत एका माणसाने हात धरून आणलं." खुर्चीत बसले आणि हसले. ताई गेल्यापासून पहिल्यांदा हसलेले पाहिले. "कुठे उतरायचं नाही, चढायचं नाही. बसल्या जागी डुलकी लागली गं मला. किती सोपं केलंत तुम्ही लोकांनी."

मी स्वयंपाकघरात गेले. तोंडावर पाणी मारलं. मग वाढलं. ते सावकाश जेवले, प्रत्येक घास चाचपून. मीठ जास्त झालं होतं, काही बोलले नाहीत. दुपारभर बसलो. रेडिओ लावला. मधेच त्यांनी विचारलं, "बस तिथून जाते तेव्हा कळत पण नाही, ना? तो रस्ता." म्हटलं, "नाही कळत, भावजी."

ऊन कललं तसे उठले. म्हटलं, "राहा ना आज. उद्या मी सोडते."

"नको गं. उशीर झाला की ती वाट बघत..."

आणि थांबले. हातातली काठी नुसती या हातातून त्या हातात केली. मी त्यांच्या शर्टाचं बटण काढून नीट लावून दिलं.

मग त्यांना थांब्यापर्यंत सोडायला गेले. बस वेळेवर आली.